किंमत, अंकी व अक्षरी

नांदे, ता. मुळशी
११ ऑगस्ट २०२५

शुभांगी,

तू चिपळूणच्या पोस्टात आहेस म्हणून लिहिते आहे. कामापुरतं आहे. नको वाटलं तर वाचून बाजूला ठेव.

परदेशातून आलेली एक वस्तू मला परत पाठवायची आहे. वस्तू महाग आहे. पाठवताना पूर्ण किमतीचा विमा काढायचा, वाटेत काही झालं तर त्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, अशी विकणाऱ्याची अट आहे. असा विमा कोणत्या पोस्टात काढतात आणि पार्सल कसं बांधतात, ते मला हवं आहे. आमच्याकडे टपाल घेऊन येणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, असलं पार्सल मी अजून पायलं न्हाई. पुण्यालाच इचारा." पुण्यात मी कुणाला विचारणार? म्हणून तुला.

अक्षरं मोठी दिसतील. मी ओरडून लिहिते आहे असं समजू नकोस. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. समोर माणूस उभा राहिला की मला त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पुस्तकात ज्या शब्दावर बघावं तोच पुसला जातो. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण मोठं करून दाखवणारं यंत्र मिळतं, त्यावर वाचता येईल. पुण्यातल्या दुकानात ते फार महाग होतं. जर्मनीतल्या एका दुकानाचं मोबाइलवर ब्याण्णव हजारांना मिळालं. खोल्यांच्या भाड्यातून तीन वर्षं साठवलेले पैसे होते. मागवलं.

टेबलावर ठेवायचं, खाली पुस्तक धरायचं, वर पडद्यावर एकेक अक्षर लिंबाएवढं होतं. पहिल्या दिवशी मी वाचायला बसले आणि दहा मिनिटांत पडदा काळा झाला. अर्ध्या तासाने पुन्हा दहा मिनिटं. दहा मिनिटांत माझी दोन पानं होतात. चार दिवस तसं वाचलं, मग म्हटलं हे काही खरं नाही. विकणाऱ्याने परत घ्यायचं कबूल केलं आहे, पण सात सप्टेंबरच्या आत इथून निघालं पाहिजे.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेराव्याला तू आली नाहीस, याचं मी मनात काही ठेवलेलं नाही. हे लिहून टाकते, म्हणजे ते मध्ये येणार नाही.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही.

जया

* * *

नांदे
२२ ऑगस्ट २०२५

शुभांगी,

तुझं उत्तर सहा दिवसांत आलं. नऊ वर्षांनी पाठवलेल्या पत्राला सहा दिवसांत उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

पत्र हसिनाने वाचून दाखवलं. हसिना म्हणजे माझ्या पुढच्या गाळ्यात शिलाईचं दुकान आहे त्या ताजुद्दीनची बायको. मूळची पौडची, माझ्याच वयाची. यंत्र तिनेच मोबाइलवर शोधलं, विकणाऱ्याशी इंग्रजीत तीच बोलते. तिने तुझं पत्र एक-दोन-तीन करत वाचलं आणि शेवटी कागद घडी घालून म्हणाली, "खाली खुशाली हाय, ताई. बाकी सगळं कामाचं वाचलं." तुझ्या घरची सगळी ठीक असतील, असं मी धरून चालते.

तू सांगितलंस तसं चाललं आहे. यंत्रात बॅटरी नाही, वायरवर चालतं. पाठीमागच्या नंबराचे आणि काळ्या पडद्याचे फोटो हसिनाने काढले. बिलाची एक प्रत आत, एक माझ्याकडे. "सदोष माल, विक्रेत्याकडे परत" असं इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. जुनाच खोका, त्यातलाच थर्माकोल. वर पांढरं कापड शिवायचं आणि प्रत्येक शिवणीवर लाखेचं सील, हे ऐकल्यावर ताजुद्दीन खूश झाला. म्हणाला, "आयुष्यभर बायांचे ब्लाऊज शिवले, आता जर्मनीचा सदरा."

सील नाण्याने मारायचं नाही, स्वतःची खूण असलेला ठसा हवा, असं तू लिहिलंस. तो घरात निघाला. हे विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचे तेव्हा दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून बोल्टवर शिशाचं सील मारायचे. त्याचा पितळी ठसा, त्यावर "न". हत्यारांच्या पेटीत तळाला होता. नथूचा न. मी लाखेच्या एका थेंबावर मारून पाहिला, चांगला उठला.

तुला माहीत आहे, माझी शाळा चौथीला सुटली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. लग्नानंतर हे रद्दीतून किलोवर पुस्तकं आणायला लागले. स्वतः एक ओळ वाचली नाही कधी. संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की विचारायचे, "त्या बाईचं आज काय झालं?" मग मी दुपारी वाचलेलं सांगायची. वाईट झालं असलं तर नंतर जेवताना म्हणायचे, तिने सांगायला पाहिजे होतं कुणाला तरी. आता सांगायला कुणी नाही, पण वाचण्याची सवय तशीच राहिली. मूलबाळ नाही, घरात दुसरा आवाज नाही. पुस्तक गेलं तर दिवसाचं काय करायचं, मला खरंच माहीत नाही. म्हणून एवढी धडपड.

तुझ्या पत्रातला चौथा मुद्दा हसिनाकडून दोनदा वाचून घेतला. "किंमत अंकी आणि अक्षरी, बिलात आहे तीच, पूर्ण. खाडाखोड चालत नाही. पार्सलवरही तीच. कमी लिहू नकोस. हरवलं किंवा मोडलं तर जेवढं लिहिलंस तेवढंच तुझं." हे लक्षात ठेवते.

दादाला कळलं आहे. जांब्याला, माहेरी, कुणी सांगितलं, देव जाणे. काल फोन आला. "एकटी पुण्याला जाणार? एवढं जड घेऊन? मी गाडी काढतो." मी नको म्हणाले नाही. पार्सल आठ किलोचं आहे, आणि भाऊ स्वतःहून येतो म्हणतो तेव्हा नको म्हणायची मला सवय नाही.

उपकार झाले असं लिहिणार होते. तू लहान आहेस, तरी लिहिते.

जया

* * *

नांदे
९ सप्टेंबर २०२५

शुभांगी,

पार्सल गेलं. चार तारखेला, खिडकी बंद होताना. पुढे ईद, मग विसर्जन, मग रविवार. ते चुकलं असतं तर मुदत गेली होती.

कसं गेलं ते तुला सांगायलाच हवं.

दादा सकाळी गाडी घेऊन आला. इस्त्रीचा सदरा, मिशा काळ्या केलेल्या. पुण्याच्या मोठ्या पोस्टात मला बाकावर बसवलं. म्हणाला, "तुला दिसत न्हाई, मी भरतो फारम." त्याने बिल मागितलं, मी दिलं. टेबलावर वाकून त्याने फॉर्म भरला, पार्सलच्या कापडावर मार्करने लिहिलं. मग कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि बोट टेकवलं. "हितं कर सही." मी केली.

शुभांगी, नऊ वर्षांपूर्वी पौडच्या कचेरीत त्याने असंच बोट टेकवलं होतं. जांब्याच्या जमिनीतला बहिणींचा हक्क सोडल्याचा तो कागद मी वाचलाही नव्हता. वाचता येत होतं तेव्हा. डोळे धड होते. तू तुझ्या पानावर सही केली नाहीस, म्हणालीस, माझा हिस्सा मला हवा, आणि तिथून आपलं बोलणं बंद झालं. हे मला बाकावर आठवलं नाही. आठवलं ते नंतर.

खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी मोठ्याने वाचलं, "विम्याची किंमत नऊ हजार दोनशे. बरोबर?"

मला वाटलं, कानांचंही काही झालं. म्हटलं, "किती?"

"नऊ हजार दोनशे. फॉर्मवर आणि पार्सलवर दोन्हीकडे तेच आहे."

दादा म्हणाला, "व्हय व्हय, मारा शिक्का."

"दादा, ब्याण्णव हजारांचं आहे ते."

"मला ठावं हाय की. कागदावर खरी किंमत कोण लिवतंय? आपण जमिनी काय खऱ्या किमतीला लिवल्या व्हय? खरी लिवली की हितं फी वाढती आन् तिकडं टॅक्स बसतोय. कमी लिवायचं आन् गप बसायचं."

बाई म्हणाल्या, "आजोबा, वाटेत काही झालं तर हेच मिळतील. वर एक रुपया नाही."

"आजोबा कुणाला म्हणता?" दादा म्हणाला. मला वाटतं त्याला तेच जास्त लागलं. मागे रांगेत कुणीतरी हसलंही.

तो वाईट हेतूने करत नव्हता, हे मी तुला सांगते. फी वाचवावी, बहिणीचे चार पैसे वाचावेत, एवढंच त्याच्या डोक्यात. आपल्याकडे कागदावर खरं लिहिणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. तुला म्हणायचे.

मी उठून खिडकीशी गेले. म्हटलं, "मला नवा फॉर्म द्या, बाई. आणि तुम्हीच वाचत जा, मी सांगते ते भरा."

त्या म्हणाल्या, "फॉर्म देते. पण कापडावर खोडलेलं चालणार नाही. कापड बदलावं लागेल, म्हणजे सीलही नवी. चारला खिडकी बंद होते."

तेव्हा एक वाजत आला होता. दादा माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, पण कान लाल झालेले दिसले.

"जया, चल घरी. चारचौघांत शोभा नको."

"तू बस गाडीत. मी येते काम करून."

"तू बी शुभांगीच झालीस की," तो म्हणाला. "बस मग हितं कागदं रंगवीत." आणि गेला. मी म्हटलं, रागावून बाहेर उभा राहिला असेल. दहा मिनिटांनी बाहेर जाऊन पाहिलं, गाडी नव्हती.

मी हसिनाला फोन केला. दुसऱ्या दिवशी ईद. ताजुद्दीनच्या दुकानात कुर्त्यांसाठी माणसं उभी होती. मी फक्त विचारलं की पुण्यात असं कापड कुठे शिवून मिळेल. तिने फोन त्याच्याकडे दिला. तो म्हणाला, "ताई, हलू नका तितनं." दोन तासांनी स्कूटरवर आला. कापड, दाभण, दोरा, लाख, मेणबत्ती आणि ह्यांचा ठसा. ठसा मी घरीच विसरले होते, तो हसिनाने माझ्या टेबलावरून उचलून दिला.

बाकावर बसून त्याने जुनं उसवलं आणि नवं शिवलं. पाव तासात. लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली तर पहारेकरी धावत आला, "चाचा, आत जाळ चालत न्हाई." मग समोरच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर लाख तापवली. चहावाला म्हणाला, "लगीन कुणाचं हाय एवढं सजवताय?" ताजुद्दीन म्हणाला, "नवरी जर्मनीला चाललीय." मी हसले. सकाळपासून पहिल्यांदा. बारा सीलं मारली, सगळ्यांवर न.

कापडावर किंमत मी स्वतः लिहिली. अंकी आणि अक्षरी. ब्याण्णव हजार फक्त. अक्षरं वाकडी आली असतील. खिडकीतल्या बाईंनी चार वाजून गेल्यावरही पाटी लावली नव्हती. म्हणाल्या, "या, मावशी. तुमचंच थांबलंय." त्यांचं नावही मी विचारलं नाही.

येताना स्कूटरवर ताजुद्दीनच्या मागे बसून आले. हिंजवडीच्या गर्दीत अडकलो तेव्हा मी म्हटलं, तुमचे कुर्ते राहिले. तो म्हणाला, "रातच्याला बसतो. ईदीचं कापड कुणाचं राहिलंय का आजवर?"

दादाचा फोन नाही. मी केला, त्याने उचलला नाही. जांब्याचं घर बंद झालं असं दिसतं. पण चौथा मुद्दा तू लिहिला नसतास तर मी गप्प बसले असते. पावतीचा फोटो तुला हसिनाने पाठवला आहे.

जया

* * *

नांदे
३ नोव्हेंबर २०२५

शुभांगी,

पार्सल पोचलं, पण उपयोग नाही. तिकडे कुठल्याशा गोदामात पाणी शिरलं म्हणे. कोणत्या हातातून कोणत्या हातात जाताना, ते कळलेलं नाही. विकणाऱ्याने फोटो पाठवले. हसिनाने मला फोटो समजावून सांगितले: "कापड काळं पडलंय, ताई. खोका लगदा झालाय. सीलं मात्र हायेत तशीच." यंत्र आतून गेलं. तो म्हणतो, मला चांगल्या स्थितीत मिळालं नाही, मी पैसे देऊ शकत नाही. त्याचंही बरोबर आहे, अट आधीच सांगितली होती.

हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. यंत्र नाही, पैसे नाहीत, भाऊ नाही. तिसरं मी स्वतः घालवलं आणि तेही पहिल्या दोनांसाठी.

भाऊबीजेला दादा आला नाही. मी ताट करून ठेवलं होतं. दुपारी ते ताजुद्दीनला वाढलं. तो म्हणाला, "ओवाळणार का?" हसिना म्हणाली, "ओवाळा, ताई, त्याला पण कुणी तरी ओवाळू द्या." मग ओवाळलं. त्याने ताटात शंभराची नोट टाकली, पण तो आधी दोनशेची शोधत होता हे मी कडेने पाहिलं.

तुझं पाकीट परवा आलं. विम्याचा दावा तू पूर्ण लिहून पाठवलास, मराठीत आणि इंग्रजीत, कुठे काय जोडायचं त्याच्या खुणा करून. पावती, बिल, नंबराचे फोटो, विकणाऱ्याचं पत्र, सगळ्याला एक-दोन आकडे घालून. हसिनाच्या मोबाइलवरून मी तुला नुसतं दोन ओळींत कळवलं होतं, मागितलं नव्हतं.

सही करायच्या आधी हसिनाकडून दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हटलं तर ती म्हणाली, "ताई, बहिणीनं लिवलंय." मी म्हटलं, म्हणूनच. तिला ते उलटं वाटलं असेल. मला म्हणायचं होतं की मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

कागद आज टाकले. मिळेल की नाही, तू काही लिहिलं नाहीस. खोटी आशा दिली नाहीस, हेही बरं केलंस.

जया

* * *

नांदे
१८ जानेवारी २०२६

शुभांगी,

पैसे मिळाले. पूर्ण.

मधे दोनदा त्यांनी कागद मागितले आणि दोन्ही वेळा तू पाठवलेल्या गठ्ठ्यातच ते निघाले. खात्यात जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर आला तो हसिनाने दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवला. नऊ हजार दोनशे आले असते तर मी काय केलं असतं, याचा विचार करायला बसले आणि उठले.

त्या पैशांत पुण्याच्या दुकानात तसंच, जरा जुन्या घडणीचं यंत्र मिळालं. या वेळी एक जाडं पुस्तक घेऊनच गेले. दुकानदाराच्या समोर बसून दोन तास वाचलं. त्याने तीनदा चहा विचारला. पडदा काळा झाला नाही तेव्हाच पैसे दिले.

घरी आणून टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदा तुझी पत्रं काढली. पुस्तकं थांबतील म्हटलं. तुझं अक्षर मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. तू अजून ल आणि ळ तसेच काढतेस, शेपटी लांब करून.

पहिलं पत्र शेवटपर्यंत वाचलं. आठव्या मुद्द्याच्या खाली खुशाली नव्हती. दोन ओळी होत्या. "अक्का, भाऊजींच्या तेराव्याला मी आले होते. दादाने फाटकातूनच परत पाठवलं. तुला कुणी सांगितलं का?"

मी हसिनाला हाक मारली. त्या दोन ओळी तिला दाखवल्या. म्हणाली, "ताई, ते तुमच्या घरातलं होतं. मी वाचलं आसतं तर तुमाला माझ्या देखत उत्तर द्यावं लागलं आसतं. म्हटलं, नवं यंत्र आल्यावर वाचतील." मी तिच्यावर रागावले नाही. ती चुकली का, तेही मला ठरवता येत नाही.

पण तू पाच महिने वाट पाहिलीस. तू एक प्रश्न विचारलास, मी त्याचं उत्तर दिलं नाही आणि तुला वाटलं असेल की मी टाळलं. तरी तू दावा लिहिलास, कागद पाठवलेस, पुन्हा तो प्रश्न काढला नाहीस. हे कळल्यावर मी यंत्र बंद केलं आणि अंगणात जाऊन बसले. नंतर आत येऊन हे लिहिते आहे.

मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, खिडकी उघडी होती. दादा म्हणाला, "हिस्सा न्यायला आलीस व्हय? हितं काय न्हाई तुझं." तू म्हणालीस, "मला फक्त अक्काला भेटू दे." तू दोनदा म्हणालीस. माझ्या हातात चहाची बशी होती. ती मी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि चहा प्यायले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू आली नाहीस. ते मी जाणून खोटं लिहिलं. माझं तुझ्याकडे काम होतं आणि मला वाटलं, ती आलीच नव्हती असं आपण दोघींनी धरलं तर सोपं जाईल.

का उठले नाही, तर ऐक. तेरा दिवसांचं सगळं दादाने केलं होतं. लाकडांपासून जेवणापर्यंत. मी उठले असते तर तो निघून गेला असता आणि पुढे मी एकटी होते. मला भीती वाटली. एवढंच कारण आहे, याहून चांगलं मला सापडलं नाही. आणि नातलगांत तुला लोभी म्हणणाऱ्यांत मी होते. तू लोभी नव्हतीस. तुझ्या वाट्याची किंमत तू पूर्ण लिहायला सांगितलीस.

हे पत्र मी यंत्राखाली धरून पुन्हा वाचलं आहे. खाडाखोड नाही.

तुझी अक्का

* * *

नांदे
६ फेब्रुवारी २०२६

शुभांगी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. जाड पाकीट बघून हसिना म्हणाली, "आता मी वाचायची न्हाई," आणि दुकानात निघून गेली.

चार पानं, पाठपोट. सगळं मी वाचलं, एकेक अक्षर लिंबाएवढं करून.

पहिल्या पानावर तू मला जे जे म्हणालीस ते बरोबर आहे. मी त्यातलं एकही परत घ्यायला सांगणार नाही. आई गेली तेव्हाचंही बरोबर आहे, ते मी विसरले होते.

दुसऱ्या पानावरचं मला माहीत नव्हतं. फाटकातून परत गेल्यावर तू फाट्यावर दीड तास बसून होतीस, बस आली तरी चढली नाहीस, आणि कुठल्याशा कंपनीच्या कॅबवाल्याने तुला पाण्याची बाटली दिली. मी आत चहा पीत होते त्याच वेळी. त्या माणसाचं भलं होवो.

तिसऱ्या पानावर एक चूक आहे. तू लिहिलंस, भाऊजींनाही मी नकोशी झाले होते. तसं नाही. त्या कागदाच्या दिवशी ह्यांनी घरी येऊन मला विचारलं होतं, "तू वाचलास का?" मी नाही म्हणाले. म्हणाले, "धाकटीने वाचला असणार." एवढंच बोलले. त्यांच्या तोंडून तुझं याहून मोठं कौतुक मी ऐकलं नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

चौथ्या पानावर तू विचारलंस की आता दादाचं काय. अजून बोलत नाही. गेल्या आठवड्यात वहिनीच्या हातून तांदूळ पाठवला, इंद्रायणी, पोतंभर. तुझा हिस्सा मागितलास म्हणून तुला काही पाठवणार नाही तो. अर्धा तांदूळ मी वेगळा काढला आहे. तू सांग, चिपळूणला पाठवू का, का तू येऊन नेतेस? पाठवायचा तर त्याचा विमा काढणार नाही, एवढं आताच सांगते.

काल दुपारी पुन्हा वाचायला बसले. दुसरं पान संपल्यावर उठून दारात उभी राहिले, तिन्हीसांजा होईपर्यंत. मग आत येऊन तिसरं घेतलं. शिव्याही तू नीट लिहिल्या आहेस, शेपट्या लांब करून. एवढं मोठं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. उत्तर पुरतं झालेलं नाही, मला ठाऊक आहे. पहिल्या पानाचं अजून व्हायचं आहे. आज चौथं पुन्हा वाचते.

अक्का